पाकिटातून आलेलं कॉलेज, फोनमधून येणारं कॉलेज



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा येतो. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, वहीवर सह्या झाल्या, की कुणीतरी हळूच विचारते, "ताई, ते फोनवरचं कॉलेज खरं असतं का?" विचारणारी बहुतेक तिशीच्या आसपासची. दहावी नाहीतर बारावी झाली, लग्न झालं, पुस्तकं माळ्यावर गेली. आता कुठे जागा निघाली की शिक्षणाचा कागद मागतात. तालुक्याला गेलं की बोर्ड दिसतो, 'ऑनलाइन पदवी, प्रवेश सुरू'. फी भरायची की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो. पण गटातून कर्ज उचलून ही फी भरणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत, आणि ते कर्ज फेडताना पदवी हातात नसली तर काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देऊन चालत नाही. त्यासाठी आज थोडं मागे जाऊ.

घरी बसून शिकण्याची गोष्ट फोनपासून सुरू झालेली नाही. ती सुरू झाली पोस्टाच्या पाकिटापासून. 1840 साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं, आणि आयझॅक पिटमन नावाच्या मास्तरांनी लघुलेखनाचे धडे टपालाने द्यायला सुरुवात केली. विद्यार्थी धडा लिहून परत पाठवायचा, मास्तर तपासून पुन्हा धाडायचे. टपाल स्वस्त झालं नसतं तर हे जमलं नसतं. आपल्याकडे फोनचा डेटा स्वस्त झाला तेव्हा जे झालं, त्याच जातीची ही गोष्ट.

पण बायकांच्या बाजूने पाहिलं तर खरी सुरुवात 1873 ची. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात अ‍ॅना टिकनॉर नावाच्या बाई होत्या. वडील हार्वर्डचे मोठे प्राध्यापक, घरात पुस्तकांची भिंतच्या भिंत. त्या काळी तिथल्या बहुतेक कॉलेजांची दारं मुलींना बंद होती. टिकनॉरबाईंनी एक मंडळ काढलं. नावाचा अर्थ साधा, घरच्या घरी अभ्यासाला उत्तेजन देणारं मंडळ. इमारत नाही, घंटा नाही, गणवेश नाही. ज्या बाईला शिकायचं तिने विषय कळवायचा. इतिहास, विज्ञान, कला, साहित्य, जे हवं ते. मग एक शिकवणारी बाई तिच्या नावाने नेमली जायची आणि दर महिन्याला दोघींची पत्रापत्री व्हायची. पुस्तक घरी नसेल तर मंडळाच्या ग्रंथालयातून टपालाने यायचं. पहिल्या वर्षी शिकणाऱ्या 45 आणि शिकवणाऱ्या 6. मंडळ 24 वर्षं चाललं आणि तेवढ्या काळात 7000 हून जास्त बायका त्यातून शिकल्या.

या मंडळाची एक पद्धत आम्हाला फार आवडली. पुस्तकाचा भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि जे आठवतं ते आपल्या शब्दांत वहीत उतरवायचं. तेच लिखाण पत्रातून बाईंकडे जायचं. पाठांतर नाही, उतारा नाही. आज कुणाला अभ्यासाची सवय मोडली आहे असं वाटत असेल तर ही रीत करून बघावी, तिला एक पैसा पडत नाही.

शिकवणाऱ्यांत एलन स्वॉलो रिचर्ड्स या होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाजलेल्या संस्थेत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. मंडळाचा विज्ञान विभाग त्यांनी सांभाळला. दूर शेतावर राहणाऱ्या, घराबाहेर न पडलेल्या बायकांची पत्रं त्यांच्याकडे यायची. त्यात धड्याबरोबर घरही यायचं. प्रकृती, थकवा, स्वयंपाकघर, पाणी. ही पत्रं वाचता वाचता रिचर्ड्सबाईंच्या लक्षात आलं की विज्ञान या घरापर्यंत, या चुलीपर्यंत पोचलं पाहिजे. पुढे पाणी, अन्न आणि घराची स्वच्छता यांवर त्यांनी मोठं काम केलं. शिकवणारीने शिकणारीचं ऐकून घेतलं आणि त्यातून शास्त्राला नवा विषय मिळाला. शाळेत मागच्या बाकावर बसून आम्ही शिकलो, तेव्हा आमचं असं कुणी ऐकल्याचं आठवत नाही.

टिकनॉरबाई 1896 साली वारल्या आणि पुढच्या वर्षी मंडळ बंद झालं. एका माणसावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर संपतं, हे गट चालवणारीला कुणी वेगळं सांगायला नको.

आता त्याच 1873 सालात आपल्याकडे या. त्या वर्षी अकराएक वर्षांच्या रमाबाईंचं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. माहेरी अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना घरीच शिकवायला घेतलं, दिवसाची कामं उरकल्यावर रात्री. पुढे इंग्रजीसुद्धा. आणि घरातल्या बायका? त्यांनी टोमणे मारले, अबोला धरला, अभ्यास सोड म्हणून सांगितलं. रमाबाईंनी 1910 साली छापून आलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. गटातल्या ज्या सुना पुस्तक उशीखाली ठेवतात त्यांनी हे पुस्तक जरूर मिळवून वाचावं. बोस्टनच्या बाईला पाकीट घरी येत होतं, पुण्याच्या रमाबाईंना गुरू घरातच होता. अडचण दोघींना वेगळी होती. एकीला कॉलेजचं दार बंद, दुसरीला स्वतःच्या घरातलं माजघर.

पुढचं पाऊल महर्षी कर्व्यांचं. 1916 साली त्यांनी पुण्याला महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि त्यातून ही कल्पना पक्की झाली. शिकवायचं मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. सुरुवातीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईंचं नाव विद्यापीठाला लागलं, नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. पण ते शिक्षण गावाच्या वेशीपर्यंत यायला फार वर्षं लागली.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये रेडिओ-टीव्हीवरचं विद्यापीठ आलं. ते उभं करणाऱ्या मंत्री होत्या जेनी ली, स्कॉटलंडच्या एका कोळसाखाणीतल्या कामगाराची मुलगी. लोक हसले. घरी चहा पीत पदवी मिळवणार का म्हणाले. त्या मागे हटल्या नाहीत आणि एका गोष्टीवर अडून राहिल्या, पदवी दुय्यम असता कामा नये. 1969 साली ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि 1971 च्या जानेवारीत पहिल्या तुकडीचा अभ्यास सुरू झाला. प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट नाही. धडे बीबीसीवर लागायचे, पण सगळा भार टीव्हीवर नव्हता. घरी पुस्तकांचं पाकीट यायचं, प्रत्येकाला शिकवणारा ठरलेला असायचा, तो उत्तरपत्रिकेवर सविस्तर लिहून पाठवायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता येतो संगणक. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात दोन कॉलेजं होती, न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि अप्साला कॉलेज. पहिल्या कॉलेजात मरे टुरॉफ यांनी सत्तरच्या दशकात एक यंत्रणा तयार केली होती. दूरदूरची माणसं टेलिफोनच्या तारेला संगणक जोडून एकमेकांना मजकूर लिहायची. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. समाजशास्त्राच्या प्राध्यापक स्टार रॉक्सेन हिल्ट्झ यांना वाटलं, यावर वर्ग भरवता येईल. 1985 ते 1987 या काळात त्यांनी तो भरवून पाहिला आणि नाव दिलं 'व्हर्च्युअल क्लासरूम'. आपण त्याला बिनभिंतीचा वर्ग म्हणू. कॉलेजने ऑनलाइन शिकवणं सुरू केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे नीट तपासून लिहून ठेवलेल्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. समाजशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक, असे विषय एका तुकडीला नेहमीच्या वर्गात शिकवले, दुसरीला तारेवरून, आणि दोन्हींचे निकाल शेजारी ठेवले.

या वर्गात सगळ्यांनी एका वेळी हजर राहायची सक्ती नव्हती. मास्तरांनी सकाळी लिहिलेलं विद्यार्थ्याने मध्यरात्री वाचलं तरी चालायचं. ज्यांना दिवसा नोकरी, ज्यांना लेकरं, त्यांना हे सोयीचं. दुसरी एक युक्ती फार हुशारीची होती. मास्तर प्रश्न टाकायचे, पण स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं दिसायचीच नाहीत. म्हणजे 'तिचं तेच माझं' म्हणायची सोय नाही. आमच्या बैठकीत हे यंत्र मिळालं असतं तर काय बहार आली असती. आणि तिसरी, टोपणनावाने लिहायची मुभा. ज्याला संकोच वाटतो तो नाव झाकून प्रश्न विचारू शकायचा. वर्गात तोंड न उघडणारी माणसं लिहिताना बोलती व्हायची.

आता निकाल. परीक्षेतले गुण बहुतेक विषयांत दोन्ही तुकड्यांचे सारखेच आले. म्हणजे तारेवरून शिकलं म्हणून कुणी कमी शिकलं नाही. ज्याला मनापासून शिकायचं होतं आणि ज्याच्या हाताशी संगणक सहज होता, त्याला उलट जास्त फायदा झाला. ज्याला संगणकासाठी दुसरीकडे जावं लागे, किंवा ज्याचं उद्यावर टाकायचं चाले, तो मागे पडला. मास्तर रोज येऊन उत्तरं देत असतील तर वर्ग जिवंत, नाहीतर ओस. हिल्ट्झबाईंनी स्वतः या शिकवण्याची तुलना आईबापाच्या कामाशी केली आहे, दिवसरात्र ड्युटीवर, मागण्या संपायचं नाव नाही. जे कॉलेज म्हणतं की ऑनलाइन केलं म्हणजे मास्तरांचा खर्च वाचला, त्या कॉलेजने हे वाचलेलं नसतं.

पुन्हा आपल्या देशात. दिल्ली विद्यापीठाने 1962 साली टपालाने पदवीचे वर्ग सुरू केले. 1982 साली आंध्र प्रदेशात देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ आलं, 1985 साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, आणि 1989 च्या 1 जुलैला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. आमच्यातल्या काही जणींची बीए तिथलीच आहे, त्यामुळे याबद्दल थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

या विद्यापीठाने ग्रामीण बाईसाठी सर्वांत मोठं काम केलं ते पूर्वतयारी अभ्यासक्रमाचं. बारावी झालेली नाही, शाळा मध्येच सुटली, तरी वय 18 पूर्ण असेल तर पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या दारात उभं राहता यायचं. ज्या बाईला वाटत होतं की आपल्या शिक्षणाची गाडी कायमची गेली, तिला पुढचं स्टेशन मिळालं. पुस्तकं मराठीत, एकटीने वाचून समजावीत अशी लिहिलेली, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. आणि तालुक्याच्या ओळखीच्याच कॉलेजात अभ्यासकेंद्र, जिथे सुट्टीच्या दिवशी वर्ग भरायचे. रविवारी एसटीने जायचं, तिथे आपल्यासारख्याच दहा-वीस जणी भेटायच्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी आशाताई, कुणी सासूला न सांगता आलेली. खरं सांगायचं तर अर्ध्या जणी त्या रविवारच्या बळावर टिकल्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा हिशोब आम्ही नुसत्या बाजारहाटात धरत नाही, शिक्षणातही धरतो.

त्याच सुमाराला संगणकही गावात आला. एमएस-सीआयटीचा वर्ग तालुक्याला निघाला आणि कितीतरी जणींनी माउसला पहिला हात तिथे लावला. 2017 च्या जुलैत केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं, तिथे मोठमोठ्या संस्थांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. हे सगळं सावकाश चाललं होतं.

मग 2020 चा मार्च आला. कॉलेजं एका आठवड्यात बंद झाली आणि सगळं शिक्षण फोनवर ढकललं गेलं. याला ऑनलाइन म्हणायचं का, आम्हाला शंका आहे. मास्तर समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून तासभर बोलणार, तेही ठरलेल्या वेळी, आणि पोरगी गच्चीवर रेंज शोधत उभी राहणार. हिल्ट्झबाईंचा वर्ग कधीही उघडता यायचा, हा ठरल्या घटकेलाच उघडायचा. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी शिकून ठेवलेलं घाईत विसरलं गेलं. आणि घरात फोन एक. तो कुणाच्या हातात गेला? भावाचा तास आणि बहिणीचा तास एकाच वेळी असेल तर बहुतेक घरांत फोन भावाकडे गेला. आमच्या वस्त्यांमध्ये आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं.

सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 2021 च्या, हेच आकड्यांत आहे. देशाच्या ग्रामीण भागात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात साधारण 25, पुरुष शंभरात 49. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या ग्रामीण बायका शंभरात 47. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींना फोन मागून घ्यावा लागतो. न्यू जर्सीत जो मागे पडला तो, ज्याला संगणकासाठी दुसरीकडे जावं लागलं. आपल्याकडे ती बाई घरातच असते, फोनही घरातच असतो, आणि तरी तिला दुसरीकडे जावं लागतं.

तेव्हा फोनवरचं कॉलेज खरं असतं का? असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण पदवी विद्यापीठ देतं, बोर्ड लावणारं दुकान नाही. म्हणून आधी विचारायचं, पदवी कुठल्या विद्यापीठाची. मग आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवरच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव, तोच अभ्यासक्रम, आणि याच वर्षासाठी, आहे का ते बघायचं. मुलाला नाहीतर ग्रामपंचायतीच्या केंद्रचालकाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या भागात एका ठिकाणी फी घेतली, व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप काढला, त्यावर पीडीएफ टाकल्या आणि परीक्षेच्या वेळी फोन उचलणं बंद केलं. आठ जणींचे पैसे गेले. त्यातल्या तिघींनी ते गटाच्या कर्जातून भरले होते, आणि हप्ते त्या अजून भरत आहेत.

यादीत नाव सापडलं तरी आणखी विचारा, आमच्या वहीवर कोण लिहिणार? टिकनॉरबाईंकडे दर महिन्याला पत्र लिहिणारी बाई होती, ओपन युनिव्हर्सिटीत उत्तरपत्रिका तपासून पाठवणारा शिक्षक होता, मुक्त विद्यापीठात रविवारचे सर होते. तुमच्याकडे कोण आहे, त्यांचं नाव काय, किती दिवसांत उत्तर देतात? कॉलेजवाले यावर गडबडले तर समजून जा. तास रेकॉर्ड होऊन नंतर बघता येतो का? पुस्तक कागदावर मिळतं का? परीक्षा कुठे, गावापासून किती लांब? हे प्रश्न विचारताना लाजायचं कारण नाही. शेळी घेताना आपण तिचे दात बघतो.

आणि फोनचं काय? आमच्या प्रभागातल्या तीन गटांनी यावर आपापली वाट काढली आहे. शिकणाऱ्या जणी बुधवारी आणि शनिवारी जेवणं उरकल्यावर समाजमंदिरात जमतात. गटाच्या हिशोबासाठी जो फोन घेतला, तो त्या दोन तासांसाठी अभ्यासाला द्यायचा असा ठराव वहीत लिहिला आहे. एक जण धडा लावते, बाकीच्या ऐकतात, मग फोन बंद करून प्रत्येकीने आठवतं ते वहीत लिहायचं. फीसाठी कर्ज मागणारीने विद्यापीठाच्या यादीची छापील प्रत अर्जाला जोडायची, हाही ठराव झाला. एका गटात त्यावर बरीच वादावादी झाली. शिलाई मशीनला कागद मागत नाही, मग शिक्षणाला का, असं दोघींचं म्हणणं होतं. मशीन समोर दिसते, पदवी दिसत नाही, असं अध्यक्षताईंनी सांगितल्यावर ठराव पास झाला.

पुढच्या भागात प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा ते एकेक रकाना घेऊन सांगू. तोवर दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत, एवढं शोधून एका पिशवीत घालून ठेवा. दाखला हरवला असेल तर शाळेत दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज आत्ताच द्या, सुट्ट्या लागल्या की कारकून सापडत नाही.